‘क्लीव्ह’ म्हणजे काय? तोडणं आणि चिकटणं, दोन्ही अर्थ असलेला इंग्रजी शब्द

लग्न, नाती, सासर-माहेर अशा विषयांवरच्या इंग्रजी रील्स पाहताना ‘लीव्ह अँड क्लीव्ह’ हा सल्ला तुमच्या कानावर पडला असेल. लीव्ह म्हणजे सोडणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. क्लीव्ह म्हणजे काय म्हणून शब्दकोशाचं ॲप उघडलं, तर बहुतेक वेळा पहिला अर्थ दिसतो: चिरणं, फोडणं, दोन तुकडे करणं. मग या सल्ल्याचा अर्थ काय लावायचा? ‘सोडा आणि तोडा’?

सल्ला देणाऱ्याला म्हणायचं असतं ते नेमकं याच्या उलट. ‘आई-वडिलांचं घर सोडा आणि जोडीदाराला घट्ट धरून राहा’ असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे ज्या शब्दाचा पहिला अर्थ ‘तोडणं’, तोच इथे ‘चिकटून राहणं’ म्हणून वापरलाय.

इंग्रजीत वेगळं करण्यासाठी ढीगभर शब्द आहेत. त्यातला ‘क्लीव्ह’ रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. पण दवाखान्यात, विज्ञानाच्या पुस्तकात, हिऱ्यांच्या व्यापारात, इंटरनेटची केबल जोडताना आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात तो किंवा त्याची भावंडं भेटतात. म्हणून तो एकदा नीट समजून घेऊया.

उच्चार, स्पेलिंग आणि अर्थ

स्पेलिंग आहे सी-एल-ई-ए-व्ही-ई. उच्चार ‘क्लीव्ह’, त्यातला ‘ली’ लांबवायचा. ‘लीव्ह’ म्हणजे सोडणं, या शब्दाच्या आधी एक ‘सी’ लावला की झाला ‘क्लीव्ह’.

पहिला अर्थ: चिरणं, फोडणं, दुभंगणं. कुऱ्हाडीने ओंडका फोडला, विजेने झाड उभं चिरलं, होडी पाणी कापत गेली, अशा ठिकाणी हा अर्थ येतो.

दुसरा अर्थ: चिकटणं, धरून राहणं, एकनिष्ठ असणं. घाबरल्यावर जीभ टाळूला चिकटली, संकटातही तो आपल्या तत्त्वांना धरून राहिला, अशा ठिकाणी हा अर्थ येतो.

स्वतःच्याच उलट अर्थ असणाऱ्या अशा शब्दांना इंग्रजीत ‘कॉन्ट्रोनिम’ म्हणतात. काही जण ‘जेनस शब्द’ही म्हणतात. जेनस हा प्राचीन रोमचा देव, त्याला दोन विरुद्ध दिशांना पाहणारी दोन तोंडं. जानेवारी महिन्याचं नाव त्याच्यावरूनच आलं.

हा एक शब्द आहे की दोन?

खरं तर दोन. हे दोन वेगळ्या घरांतले शब्द आहेत आणि काळाच्या ओघात दोघांचा चेहरा सारखा झाला, इतकंच.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या भाषेत, चिरण्यासाठी ‘क्लेओफन’ असा शब्द होता आणि चिकटण्यासाठी ‘क्लिफियन’. पुढच्या काही शतकांत इंग्रजीचे उच्चार बदलले, क्रियापदांचे शेवट झिजले आणि दोन्ही शब्द झिजत झिजत ‘क्लीव्ह’पाशी येऊन थांबले.

आजही दोघांची नातीगोती शोधली तर ती वेगवेगळी निघतात. चिरणाऱ्या ‘क्लीव्ह’चं मूळ ज्या प्राचीन धातूत शोधतात, त्याच धातूशी कोरणं या अर्थाचा एक ग्रीक शब्द जोडला जातो. इजिप्तच्या चित्रलिपीला ‘हायरोग्लिफ’ म्हणतात, त्यातला ‘ग्लिफ’ हा तोच. दगड कोरणं आणि लाकूड चिरणं, दोन्हीत हत्यार आत घुसतं.

चिकटणाऱ्या ‘क्लीव्ह’चे नातेवाईक आहेत ‘क्ले’ म्हणजे चिकणमाती आणि ‘ग्लू’ म्हणजे डिंक किंवा गोंद. जर्मन भाषेत चिकटवण्याला आजही ‘क्लेबेन’ म्हणतात.

मग वाक्यात अर्थ ओळखायचा कसा?

क्लीव्हच्या मागोमाग ‘टू’ किंवा जुन्या इंग्रजीत ‘अनटू’ हा छोटा शब्द आला, आणि त्यानंतर व्यक्ती, वस्तू किंवा विचार आला, तर अर्थ ‘चिकटणं’. क्लीव्ह टू अ बिलीफ म्हणजे एखाद्या श्रद्धेला धरून राहणं.

मागे ‘टू’ नसेल आणि थेट वस्तू आली, तर अर्थ ‘चिरणं’. क्लीव्ह द वुड म्हणजे लाकूड फोडणं. ‘थ्रू’ आला तरी चिरणंच, कारण तिथे पाणी, हवा किंवा गर्दी कापत पुढे जाण्याची गोष्ट असते.

इथे एका ठिकाणी गडबड होऊ शकते. ‘क्लीव्ह इन टू’ असं ऐकलं तर त्यातला ‘टू’ हा आकडा असतो, दोन. म्हणजे दोन तुकडे करणं. कानाला दोन्ही ‘टू’ सारखेच वाटतात, पण लिहिताना एकाचं स्पेलिंग टी-ओ असतं आणि दुसऱ्याचं टी-डब्ल्यू-ओ.

आता ‘लीव्ह अँड क्लीव्ह’कडे परत येऊ. हा सल्ला बायबलमधल्या पहिल्या पुस्तकातून, उत्पत्तीतून आला. पुरुष आई-वडिलांना सोडून पत्नीशी जडून राहतो, अशा आशयाचं एक वचन तिथे आहे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किंग जेम्स’ या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘क्लीव्ह अनटू’ असे शब्द वापरले. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थही चिकटणं असाच आहे आणि आजच्या हिब्रूत गोंदाला जो शब्द आहे, तो त्याच धातूचा. पुढे ख्रिस्ती विवाह-मार्गदर्शनात यमक जुळतं म्हणून ‘लीव्ह अँड क्लीव्ह’ असं सुटसुटीत रूप रूढ झालं. त्यात ‘अनटू’ गळून पडला आणि अर्थाची खूणच नाहीशी झाली. अलीकडच्या अनेक इंग्रजी भाषांतरांनी तिथला ‘क्लीव्ह’ काढून ‘जोडला जाणं’, ‘घट्ट धरणं’ अशा अर्थाचे सोपे शब्द घेतलेत.

भूतकाळाची रूपं

चिरणाऱ्या क्लीव्हची भूतकाळी रूपं बरीच आहेत: क्लीव्ह्ड, क्लेफ्ट, क्लोव्ह आणि क्लोव्हन. चिकटणाऱ्या क्लीव्हचं आज एकच रूप चालतं: क्लीव्ह्ड.

याचा फायदा असा की ‘क्लेफ्ट’ किंवा ‘क्लोव्हन’ दिसलं की डोळे मिटून चिरणं, दुभंगणं हा अर्थ घ्यायचा. उदाहरणार्थ, ‘क्लोव्हन हूफ’ म्हणजे दुभंगलेला खूर. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर या जनावरांचा खूर मधोमध दुभंगलेला असतो, घोड्याचा आणि गाढवाचा अखंड. हा फरक शेतकऱ्याच्या कामाचा आहे. लाळ्या-खुरकूत हा रोग दुभंगलेल्या खुराच्या जनावरांना होतो, घोड्याला होत नाही. म्हणून या रोगाच्या इंग्रजी माहितीपत्रकात ‘क्लोव्हन-हूफ्ड’ हा शब्द हमखास असतो.

‘इन अ क्लेफ्ट स्टिक’ असाही एक वाक्प्रचार आहे. चिरलेल्या काठीच्या फटीत अडकल्यासारखी अवस्था, म्हणजे आपलं ‘इकडे आड, तिकडे विहीर’.

सत्तूर, चिकटणारं गवत आणि लसणाची पाकळी

खाटकाच्या हातातल्या रुंद पात्याच्या सत्तूराला इंग्रजीत ‘क्लीव्हर’ म्हणतात. हा उघडच चिरणाऱ्या घरातला. पण ‘क्लीव्हर्स’ नावाची एक वनस्पतीही आहे. तिच्या अंगावर बारीक आकडे असतात आणि ती कपड्यांना, जनावरांच्या केसांना चिकटते. माळावरून फिरून आलं की आपल्या पायजम्याला कुसळं किंवा आघाडा चिकटतो, तसंच. या वनस्पतीचं नाव चिकटणाऱ्या घरातून आलं. एक कापतो, दुसरी चिकटते, आणि नाव जवळपास सारखं.

लसणाच्या पाकळीला इंग्रजीत ‘क्लोव्ह’ म्हणतात. गड्डा फुटून पाकळ्या सुट्या होतात, म्हणून हाही चिरणाऱ्या घरातला शब्द. मसाल्यातल्या लवंगेलाही ‘क्लोव्ह’च म्हणतात, पण तिचा या घराशी काही संबंध नाही. तिचं नाव खिळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आलं. लवंग हातात घेऊन पाहा, ती छोट्या खिळ्यासारखीच दिसते. इंग्रजी रेसिपीत दोन-तीन ‘क्लोव्ह’ लिहिलेले असतील तर पुढे ‘गार्लिक’ आहे का ते बघा. नाहीतर तीन पाकळ्या लसणाऐवजी तीन लवंगा फोडणीत पडायच्या.

स्प्लिट, सेव्हर, सेपरेट आणि क्लीव्ह यांत फरक काय?

मराठीत आपण भाजी चिरतो, लाकूड फोडतो, फूल तोडतो, कागद फाडतो, शिवण उसवतो, धान्य पाखडतो. प्रत्येक वेळी वेगळं करण्याची तऱ्हा निराळी, म्हणून क्रियापद निराळं. इंग्रजीतही तसंच आहे.

‘सेपरेट’ हा सगळ्यात साधा शब्द. वेगळं करणं, बाजूला ठेवणं. यात जोर किंवा इजा असेलच असं नाही.

‘स्प्लिट’ म्हणजे फुटणं, वाटून घेणं. पक्षात फूट पडली किंवा हॉटेलचं बिल वाटून घेतलं, तर हा शब्द.

‘सेव्हर’ म्हणजे तोडून टाकणं, बहुधा कायमचं. दोन देशांनी संबंध तोडले तर सेव्हर. कंपनीने नोकरीवरून कमी करताना दिलेल्या रकमेला ‘सेव्हरन्स पे’ म्हणतात, तो यातलाच.

‘बायफर्केट’ म्हणजे दोन फाटे फुटणं. रस्ता किंवा नदी जशी दुभागते, तसं. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचं महाराष्ट्र आणि गुजरात असं विभाजन झालं, त्याला इंग्रजीत ‘बायफर्केशन’ म्हणतात.

‘संडर’ हा जुन्या, ग्रांथिक वळणाचा शब्द, अर्थ ताटातूट करणं. गंमत म्हणजे त्याचं स्पेलिंग आणि आपल्याकडच्या ‘सुंदर’ या नावाचं एक प्रचलित स्पेलिंग अगदी सारखं आहे. अर्थाचा मात्र दुरूनही संबंध नाही.

या सगळ्यांत ‘क्लीव्ह’ची खासियत अशी की तो बहुधा वस्तूच्या अंगच्या रेषेने चिरणं सुचवतो. ओंडका करवतीने आडवा कापला तर ‘सॉ’. तोच उभा ठेवून रेषांच्या दिशेने कुऱ्हाड घातली आणि तो एका घावात फाकला, तर ‘क्लीव्ह’. जिथे आधीच कमजोर रेषा आहे, तिथे घाव घालणं हा या शब्दाचा गाभा आहे. त्याचे तांत्रिक उपयोग याच गाभ्यातून निघाले.

हिरा, अभ्रक आणि इंटरनेटची केबल

अभ्रकाचा तुकडा घेतला तर नखानेही त्याचे पातळ पापुद्रे निघतात. गारगोटी मात्र कितीही फोडली तरी वेडीवाकडीच फुटते. खनिजांच्या ठरावीक पातळीत फुटण्याच्या या गुणाला इंग्रजीत ‘क्लीव्हेज’ आणि मराठी विज्ञानलेखनात ‘पाटन’ म्हणतात. अभ्रकाला ते एका दिशेत उत्तम असतं, गारगोटीला जवळपास नसतंच.

हिरा सगळ्यात कठीण, तरी तोही चार दिशांना सरळ फुटू शकतो. याच गुणाच्या जोरावर कारागीर मोठे हिरे फोडत आले. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘कलिनन’ हिऱ्याचं. तो १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडला. वजन सुमारे ३,१०६ कॅरेट, म्हणजे ६२१ ग्रॅमच्या आसपास. ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांना तो भेट दिला गेला आणि फेब्रुवारी १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या योसेफ आशर यांनी तो फोडला. आधी खाच पाडायची, खाचेत पोलादी पातं ठेवायचं आणि वरून ठोका द्यायचा, अशी पद्धत. पहिल्या ठोक्यात हिऱ्याऐवजी पातंच मोडलं, असं सांगतात. शेवटी त्यातून ९ मोठे आणि ९६ लहान हिरे घडवले गेले. त्यातले सर्वात मोठे दोन आज ब्रिटिश राजदंडात आणि राजमुकुटात आहेत. दिशा जराशी चुकली असती तर सगळ्याचा चुरा झाला असता.

आता घरातलं उदाहरण. ब्रॉडबँड जोडायला येणाऱ्या माणसाच्या पेटीत एक छोटं यंत्र असतं, त्याचं नाव ‘फायबर क्लीव्हर’. ऑप्टिकल फायबरची काच केसासारखी बारीक, १२५ मायक्रॉन जाडीची. ती कात्रीने कापली तर टोक खडबडीत होतं आणि प्रकाश वाया जातो. म्हणून हे यंत्र काचेवर अगदी बारीक ओरखडा काढतं आणि हलका ताण देतं. काच त्या रेषेवर सरळ तुटते. मग दोन सपाट टोकं समोरासमोर आणून उष्णतेने वितळवून एकजीव करतात. म्हणजे इथे नीट जोडता यावं म्हणूनच नीट तोडायचं.

बातम्यांतलं ‘क्लीव्हेज’

‘क्लीव्हेज’ म्हटलं की अनेकांना फक्त सिनेमा आणि फॅशनच्या बातम्या आठवतात. खोल गळ्याच्या पोशाखात दिसणाऱ्या स्तनांमधल्या भागासाठी हा शब्द १९४०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. शास्त्रीय अर्थ त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि ते ठाऊक नसले की अवघडलेले हशे पिकतात.

जीवशास्त्रात फलित अंड्याच्या सुरुवातीच्या भराभर होणाऱ्या विभाजनाला क्लीव्हेज म्हणतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढतात, पण सगळा गोळा मोठा होत नाही. प्रत्येक पेशी आधीच्यापेक्षा लहान होत जाते.

रसायनशास्त्रात आणि वैद्यकात मोठा रेणू ठरावीक जागी तोडण्यालाही क्लीव्हेज म्हणतात. करोनाच्या काळात ‘फ्युरिन क्लीव्हेज साइट’ हे शब्द समाजमाध्यमांवर खूप फिरले. फ्युरिन हे आपल्याच पेशींतलं एक विकर. करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनावर एक जागा अशी आहे की तिथे फ्युरिन ते प्रथिन कापतं आणि त्यामुळे विषाणूला पेशीत शिरणं सोपं जातं. ‘क्लीव्हेज साइट’ म्हणजे ‘कापण्याची जागा’, एवढाच त्याचा अर्थ. या जागेवरून विषाणूच्या उगमाचे बरेच वाद झाले. अशा जागा इतर काही करोना विषाणूंमध्येही नैसर्गिकरीत्या आढळतात, हे त्या वादात शिरण्याआधी माहीत असलेलं बरं.

राज्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना ‘सोशल क्लीव्हेज’ भेटतं. समाजातल्या खोल, टिकाऊ दुभंगरेषा असा त्याचा अर्थ. सेमूर मार्टिन लिपसेट आणि स्टाइन रोक्कान या अभ्यासकांनी १९६७ मध्ये मांडलं की युरोपातले पक्ष अशा चार रेषांवर उभे राहिले: केंद्र आणि परिघ, राज्यसंस्था आणि चर्च, शेती आणि उद्योग, मालक आणि कामगार. इथेही गाभा तोच. रेषा समाजात आधीपासून असते, राजकारण तिच्यावर घाव घालतं.

‘क्लेफ्ट लिप’: जिथे शब्दच दिशाभूल करतो

या घराण्यातला सामान्य माणसाच्या सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे ‘क्लेफ्ट’. काही बाळं जन्मतात तेव्हा त्यांच्या वरच्या ओठात किंवा टाळूत फट असते. डॉक्टर त्याला ‘क्लेफ्ट लिप’ आणि ‘क्लेफ्ट पॅलेट’ म्हणतात. मराठीत दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू.

क्लेफ्ट म्हणा की दुभंगलेला म्हणा, शब्द असा भास करून देतो की ओठ आधी अखंड होता आणि मग काहीतरी होऊन तो चिरला गेला. आपल्याकडचा एक जुना समज याला छान जुळतो: गरोदर बाईने ग्रहणात सुरी हातात घेतली, काही चिरलं, म्हणून बाळाचा ओठ चिरला. मग सगळा दोष आईच्या माथी येतो.

प्रत्यक्षात ओठ चिरलेला नसतोच. तो जोडला जायचा राहिलेला असतो. गर्भाचा चेहरा डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे येणाऱ्या भागांतून तयार होतो आणि हे भाग मध्याकडे येऊन एकमेकांना मिळतात. ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो, टाळू सहाव्या ते नवव्या. ही जुळणी पूर्ण झाली नाही की फट राहते. त्यातला बराच काळ असा असतो की अनेकींना आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं.

यामागे बहुतेक वेळा आनुवंशिकता आणि इतर गोष्टी मिळून असतात. गरोदरपणातलं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनी धोका वाढतो. (औषधं मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावं.) अनेकदा एका बाळाच्या बाबतीत नेमकं कारण सांगता येत नाही. पण सुरी, विळी आणि ग्रहण यांचा त्यात काही वाटा नाही.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या वर्षाच्या आत, टाळूची दीड वर्षाच्या आत करावी, असा सल्ला दिला जातो. टाळूची फट राहिली तर दूध पिणं, कान, दात आणि बोलणं यांवर परिणाम होतो, म्हणून उशीर करायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर गरज असेल तर बोलण्याचे व्यायाम शिकवतात. अशा मुलाला ‘फाटक्या ओठाचा’ म्हणून हाक मारणाऱ्यांना एवढं तरी सांगता येईल की त्याचं काही फाटलेलं नाही.

मराठीत असे शब्द आहेत का?

आहेत, आणि आपण ते बिनदिक्कत वापरतो. ‘वाढवणे’ म्हणजे मोठं करणं, भर घालणं. पण पूजेला आपण ‘नारळ वाढवतो’, तेव्हा तो फोडतो. ‘बांगडी वाढली’ म्हणजे ती फुटली. जुने दुकानदार ‘दुकान वाढवतात’ तेव्हा ते बंद करतात. शुभ प्रसंगी फुटणं, मोडणं, बंद होणं तोंडाने म्हणायचं नाही, म्हणून उलटा शब्द वापरायची ही रीत. ‘क्लीव्ह’मध्ये दोन शब्द योगायोगाने एक झाले. ‘वाढवणे’मध्ये एकाच शब्दाला लोकांनी जाणूनबुजून दुसरा अर्थ दिला.

‘अपरोक्ष’ची गत आणखी निराळी. परोक्ष म्हणजे नजरेआड, त्यामुळे अपरोक्ष म्हणजे समोर, प्रत्यक्ष. पण ‘माझ्या अपरोक्ष त्याने चहाड्या केल्या’ असं म्हणताना बहुतेकांना ‘माझ्या मागे’ असंच म्हणायचं असतं. चुकीचा वापर इतका रुळला की शब्द दोन तोंडांचा झाला.

इंग्रजीतही ‘क्लीव्ह’ एकटा नाही. बँकेने कर्ज ‘सँक्शन’ केलं म्हणजे मंजूर केलं, आणि एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादली म्हणजे निर्बंध घातले. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूकही.

आपण हा शब्द वापरावा का?

ओळखता यावा हे नक्की. वापरताना मात्र जपून. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘वुई मस्ट क्लीव्ह द टीम’ असं लिहिलं तर वाचणारा दचकेल, तिथे ‘स्प्लिट’ पुरतो. ‘मी माझ्या मताला धरून आहे’ यासाठी ‘क्लीव्ह टू’ बरोबर आहे, पण तो जुन्या वळणाचा, भारदस्त वाटतो. रोजच्या बोलण्यात ‘स्टिक टू’ सहज बसतो. दोन्ही अर्थांचा मुद्दाम खेळ करायचा असेल तर मात्र याच्यासारखा शब्द नाही. अमेरिकी लेखिका ज्युली पॉवेल यांनी २००९ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव ‘क्लीव्हिंग’ ठेवलं. त्यात खाटीककाम शिकण्याची गोष्ट आहे आणि ओढाताण झालेल्या लग्नाचीही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• ‘क्लीव्ह’ हे दिसायला एक, पण मुळात दोन शब्द: एक चिरणारा, एक चिकटणारा.

• मागोमाग टी-ओ स्पेलिंगचा ‘टू’ किंवा ‘अनटू’ असेल तर चिकटणं. थेट वस्तू, ‘थ्रू’ किंवा ‘इन टू’ म्हणजे दोन तुकडे असतील तर चिरणं.

• क्लेफ्ट, क्लोव्हन, क्लीव्हेज आणि सत्तूर या अर्थाचा क्लीव्हर हे सगळे चिरणाऱ्या बाजूचे.

• ‘लीव्ह अँड क्लीव्ह’ हा जोडीदाराला धरून राहण्याचा सल्ला आहे, तोडण्याचा नाही.

• ‘क्लेफ्ट लिप’ नावाने चिरलेला, पण प्रत्यक्षात जुळायचा राहिलेला ओठ. त्यात आईचा दोष शोधू नका, बाळाला वेळेत डॉक्टरांकडे न्या.